उंटाची फुली

माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात माझी आई आहे. तिथे तिचं नाव ए-चौदा. ए म्हणजे अळणावरकडचा गट आणि चौदा म्हणजे यादीतली चौदावी बाई. वय अंदाजे पन्नास, शिक्षण नाही, व्यवसाय शेतमजुरी, पाहिलेलं ओळखण्याची क्षमता जवळपास शून्य. हे शेवटचे शब्द मी स्वतः टाइप केले. टाइप करताना हात थरथरला, डोळे भरून आले, असलं काही झालं नाही. मला चहाची तल्लफ आली होती, एवढंच आठवतं.

ही बाई खरी कोण होती ते आधी सांगते. आमच्या गावात लग्न निघालं की चाळीसेक घरांतून भांडी गोळा व्हायची. पातेली, पराती, घागरी, जर्मनच्या म्हणजे अॅल्युमिनियमच्या ताटल्या. ज्यांना परवडायचं त्यांनी भांड्यावर नाव घालून घेतलेलं असे, बाकीच्यांची तशीच. दुसऱ्या दिवशी घासलेल्या भांड्यांचा ढीग मांडवात पडायचा आणि त्याच्या मधोमध माझी आई बसायची. ती एकेक भांडं हातात घ्यायची, फिरवून बघायची आणि घर सांगायची. काठाला पोचा आहे ती परात सुताराकडची. बूड एका बाजूला काळं राहिलंय ते पातेलं देवळामागच्या म्हातारीचं. मालकिणी स्वतः चुकायच्या, आई चुकायची नाही. नवरीच्या आईनंतर त्या मांडवात तिचाच शब्द चालायचा. आमच्यासारख्या मजुरी करणाऱ्या घरातल्या बाईला गावात एवढा मान फक्त त्या एका सकाळी मिळायचा, आणि ती त्यावर वर्ष काढायची.

यातलं एक अक्षर मी सरांना कधी सांगितलं नाही.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. नव्वदच्या दशकात ते परदेशातून शिकून धारवाडला परत आले, ते मेंदूचं गणित संगणकावर मांडायची विद्या घेऊन. इकडे तेव्हा कुणाला ते काय बोलतात ते कळत नसे, आणि कळत नाही हे त्यांना मनापासून आवडायचं. मी मानसशास्त्रात एम. ए. करून त्यांच्या विभागात शिरले. धारवाडातच सप्तापूरला दोघींत मिळून एक खोली होती, तिथून चालत जायचं, संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढायच्या आणि गार फरशीवर अनवाणी बसून प्रोग्राम लिहायचे. कुणाचा प्रोग्राम चुकला की सर तो शुक्रवारच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवत. त्याला ते आजचं मनोरंजन म्हणत. ज्याची चूक असेल त्यानं उभं राहायचं, बाकीच्यांनी हसायचं. मीही हसत असे. न हसणाऱ्याकडे सरांचं लक्ष जायचं.

सरांनी संगणकात एक जाळं बनवलं होतं. शेकडो ठिपके, प्रत्येक ठिपका दुसऱ्या ठिपक्यांना जोडलेला, आणि प्रत्येक जोडणीला एक आकडा. जाळ्याला चित्र दाखवलं की आकडे थोडे बदलायचे, आणि तेच त्याचं लक्षात ठेवणं. नंतर तेच चित्र पुन्हा दाखवलं की जाळं ‘ओळखीचं’ म्हणायचं, वेगळं दाखवलं की ‘नवं’. गंमत पुढे होती. सरांनी ठराविक जोडण्या तोडल्या की ते जाळं येईल त्या चित्राला ओळखीचं म्हणू लागायचं. सरांचं म्हणणं, माणसाचा मेंदूही असाच मोडत असणार. दोन वर्षं ते तसं मोडलेलं माणूस शोधत होते. मोडलेलं जाळं होतं, माणूस मिळत नव्हतं.

त्या वर्षी त्यांच्याकडे पीएच. डी.ची एकच जागा होती आणि ती हवी असलेले आम्ही दोघं होतो. दुसऱ्या मुलाचे मार्क माझ्यापेक्षा चांगले होते, इंग्रजी तर फारच. माझ्यापाशी काय होतं? गाव. खेड्यातल्या न शिकलेल्या लोकांवर चाचणी घ्यायची सरांना इच्छा होती, म्हणून मी पुढे होऊन म्हटलं, आमच्या गावात चला, मी सगळं जुळवते.

चाचणी साधी होती. कार्डांवर काढलेली तीस चित्रं एकेक करून दाखवायची. मग अर्धा तास त्या बाईला तिचं काम करू द्यायचं. मग साठ चित्रं दाखवायची, आधीची तीस आणि नवी तीस, पिसून एकत्र केलेली. दर चित्राला एकच प्रश्न, हे मघाशी होतं का? होय म्हणाली तर कागदावर बरोबरची खूण करायची, नाही म्हणाली तर फुली. खूण म्हणजे उत्तर बरोबर असं नव्हे, नुसतं होय. तो कागद मीच आखला होता आणि सर त्यावर बरं म्हणाले होते, म्हणून मी दोन दिवस खुशीत होते.

आमच्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणत नाहीत. कुंकू संपलं तरी वाढलं म्हणतात, बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतात. घरचा माणूस बाहेर पडताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. अशा गावात जीपमधून साहेब आलेत, चित्रं दाखवतायत, हे होतं का म्हणून विचारतायत, तर बायका होयच म्हणणार. पहिल्या तेरा जणींचा कल मी पाहत होते. चित्र नवं आहे हे त्यांच्या तोंडावर दिसायचं आणि तरी तिसांतल्या दहा-बारांना त्या हसून होय म्हणायच्या. सरांना हे सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर गाव निकामी ठरलं असतं, आणि गावाबरोबर मीही. मी पुढच्या बाईला हाक मारली.

चौदावी आई. ती घोंगडीवर माझ्यासमोर बसली, पदर नीट केला, सरांकडे बघून ओळखीचं हसली. पहिली तीस चित्रं तिनं भांडी बघते तशी बघितली, प्रत्येक थोडं कलतं धरून. अर्धा तास ती तांदूळ निवडत होती. मग साठ सुरू झाली. पहिलंच कार्ड उंटाचं, आणि उंट आधीच्या तिसांत नव्हता.

‘हे नव्हतं,’ आई लगेच म्हणाली. मी कागदावर फुली मारली.

आईची नजर त्या फुलीवर गेली आणि तिथंच राहिली. तिला वाचता येत नाही. पण माझ्या शाळेच्या वह्या ती रोज संध्याकाळी माझ्याकडून उघडून घ्यायची, आणि बाईंच्या लाल शाईतली खूण आणि फुली तिला चांगली कळायची. वहीत फुली दिसली तर त्या दिवशी ती जेवताना बोलायची नाही. आता तिच्या मुलीच्या कागदावर, साहेबांच्या देखत, फुली पडली होती, आणि तीही तिच्यामुळे. दुसरं कार्ड छत्रीचं. ती हळूच म्हणाली, होय. मी खूण केली. तिचे खांदे सैल झाले. त्यानंतर उरलेल्या अठ्ठावन्न कार्डांनाही होय. चौथ्या कार्डाशी मला सगळं कळलं होतं. चाचणीत मध्ये बोलायचं नाही असा नियम होता आणि शेजारी सर स्टॉपवॉच घेऊन बसले होते, हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं आणि पुढे बरीच वर्षं सांगत राहिले. पण चाचणी संपल्यावर तर नियम नव्हता. तेव्हाही मी बोलले नाही, कारण सरांनी कागद हातात घेतला होता आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

परतताना जीपमध्ये ते माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलले. म्हणाले, दोन वर्षं मी जे माणूस शोधत होतो ते तुझ्या घरात बसलेलं होतं. उंटाचं नाही कसं आलं, असं मी विचारलं. तेवढं तरी विचारलं. ते म्हणाले, योगायोग, एखादं उत्तर असं निसटतंच. धारवाड यायच्या आत जागा माझी झाली होती.

पुढच्या शुक्रवारी आजचं मनोरंजन म्हणून आई होती. सरांनी फळ्यावर दोन रेघा काढल्या, एक मोडलेल्या जाळ्याची आणि एक ए-चौदाची. दोन्ही एकमेकींवर तंतोतंत बसल्या. मग ते म्हणाले, या बाईंना सूर्य दाखवला तरी म्हणतील काल बघितला, आणि ते मात्र बरोबर निघेल. खोली हसली. कुणीतरी माझ्याकडे बघून दबकत हसलं, कारण ए-चौदा कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. सर माझ्याकडे बघत होते. मी हसले. नुसते ओठ हलवले नाहीत, चांगला आवाज काढून हसले.

सरांचा आणि माझा लेख एका परदेशी मासिकाला गेला आणि बऱ्याच महिन्यांनी तिकडून प्रश्न आला, या रुग्णाची चाचणी पुन्हा घेतली होती का? सर म्हणाले, तुझीच आई आहे, जीप कशाला, तू जाऊन ये. पहिली चाचणी होऊन तोवर दीड वर्ष झालं होतं. मी पॅसेंजरनं अळणावरला उतरले आणि तिथून गावी चालत गेले. पिशवीत तीच साठ कार्डं होती.

आई दारात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. कार्डं बघितली आणि तिचा चेहरा पडला.

‘त्या दिवशी उंटाला मी नाही म्हटलं आणि तुला फुली पडली,’ ती म्हणाली. ‘तेवढी एकच चूक झाली बघ माझ्या हातनं. साहेब काय बोलले नाहीत न्हवं तुला?’

दीड वर्ष ती ती फुली मनात धरून बसली होती. मला तिचा राग आला. अजून विचार केला तरी तोच शब्द येतो, राग. इतकं भाबडं कुणी का असावं, असा. त्या रागातच मी तिला सगळं सांगून टाकलं. फुली म्हणजे चूक नव्हे. उंट नव्हता हेच बरोबर होतं. बाकीची एकोणतीस नवी चित्रं, ज्यांना तू होय म्हणालीस, ती नव्हती.

‘नव्हतीच की,’ आई म्हणाली. ‘मला काय म्हाईत नव्हतं? किटली होती, छत्री होती, बैलगाडी, कुलूप, पोपट, विळा...’ आणि सुपातले खडे काढत तिनं पहिली तीस चित्रं सांगितली. मी पिशवीतून यादी काढून पडताळली. दोन ठिकाणी क्रम मागेपुढे झाला होता, बाकी एक सुटलं नाही आणि एक जास्तीचं आलं नाही. दीड वर्षापूर्वी एकदा दाखवलेली चित्रं. अशी स्मरणशक्ती मी त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही नाही. खरा प्रबंध माझ्यासमोर तांदूळ निवडत बसला होता.

‘मग आता खरं सांगू न्हवं?’ तिनं विचारलं.

‘नको,’ मी म्हटलं. ‘मागच्यासारखंच होय म्हण. आणि उंटालाही होय म्हण.’

तिनं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, खरं सांगितलंस तर माझी पदवी जाईल, इतकी वर्षं पाण्यात जातील. हे खोटं नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, मग कागदात माझं काय लिहिणार? तुला काही लक्षात राहत नाही असं लिहिणार, मी सांगितलं.

‘लिही,’ ती म्हणाली. ‘गावात तेवढं कळू देऊ नको. मला मग भांड्यांवर बसवायचे नाहीत.’

मी कबूल केलं. मग आम्ही दोघी समोरासमोर बसलो, मी साठ कार्डं दाखवली आणि ती साठ वेळा होय म्हणाली. मी साठ खुणा केल्या. एकदाही तिनं कागदाकडे बघितलं नाही.

सरांना साठ होकारही पुरले नाहीत. रोजच्या जगण्यात ए-चौदा काय काय विसरते तेही हवं म्हणाले, आणि त्यांनी एम. ए.च्या दोघांना प्रश्नावली देऊन परस्पर गावात पाठवलं. मला ते सोमवारी कळलं, तोवर ते शनिवारी जाऊन आले होते. ते शेजारच्या दहा-बारा घरांत गेले होते. ही बाई वस्तू कुठे ठेवली ते विसरते का? एकच गोष्ट दोनदा सांगते का? माणसं ओळखायला चुकते का? गाव तेच होतं आणि दारात आलेले पाहुणे शिकलेले होते. सगळ्यांनी सगळ्याला होय म्हटलं. कागद खुणांनी भरून आला. सर म्हणाले, शेजारीसुद्धा दुजोरा देतात. मी तो कागद प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडला.

पण माणूस एकदा तोंडानं होय म्हणाला की ते मनातही शिरतं. त्या दोन पोरांनी काय विचारलं ते घरोघर बोललं गेलं. धारवाडच्या साहेबांनी तपासलंय, तिच्या डोक्यात काहीतरी आहे, आणि पोरगी तर तिथंच शिकते, तिला माहीत नसणार का? पुढच्या मे महिन्यात गावात लग्न होतं आणि मी सुट्टीला घरी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीसारखी पदर खोचून मांडवात गेली. लग्नघरच्या थोरल्या सुनेनं तिला हाताला धरून बाजूला नेलं आणि प्रेमानं म्हणाली, मावशी, तुम्ही आता आराम करा, सुपारी कातरा. भांड्यांवर दुसरी बाई बसली. तिनं चार घरांच्या भांड्यांची फिरवाफिरव केली. दोन बायका एका परातीवरून भांडायला लागल्या, पार माहेर काढण्यापर्यंत मजल गेली. ती परात कुणाची ते आईला माहीत होतं. मला तिच्या तोंडावरून कळत होतं की माहीत आहे. ती खाली मान घालून सुपारी कातरत राहिली. मी मांडवाच्या खांबाशी उभी होते. मी तिथं मोठ्यानं म्हणू शकले असते की माझी आई शहाणी आहे, खोटं मी लिहिलंय. माझा प्रबंध तेव्हा बाइंडिंगला गेला होता. मी पानाचा विडा घेतला आणि घरी आले.

तोंडी परीक्षेला सरांनी आईला मुद्दाम बोलावून घेतलं. आईवडिलांनी असा दिवस बघितला पाहिजे, असं म्हणाले. अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून आई एकटीच आली, शेजारणीची साडी नेसून. आत माझी परीक्षा चालली असताना ती बाहेर चपलांच्या रांगेशेजारी बसून होती. परीक्षा छान झाली. म्हैसूरकडून आलेल्या परीक्षकांनी चौथ्या प्रकरणाचं विशेष कौतुक केलं. मग चहा आला, फरसाण आलं, विभागातले पंधरा-वीस जण जमले आणि सरांना लहर आली. त्यांनी आईला आत बोलावलं, परीक्षकांसमोर उभं केलं आणि हसऱ्या तोंडानं कन्नडात विचारलं, ‘अव्वा, इवरन्न नोडीद्दीरा?’ यांना आधी बघितलंय का?

आई त्या गृहस्थांना जन्मात भेटली नव्हती. तिनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग सरांकडे, मग गोळा झालेल्या सगळ्या तोंडांकडे, जी हसायला तयार होऊन थांबली होती. तिला काही कळत नव्हतं असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल तसं समजावं. शेवटी तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात कप होता. मी मान हलवली नाही, डोळ्यांनी नको म्हटलं नाही, काहीच केलं नाही.

‘हौद्री,’ आई म्हणाली. ‘नोडीनी.’ होय जी, बघितलंय.

केवढे हसले सगळे. परीक्षकांना ठसका लागला. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आई हात जोडून उभी होती आणि तीही हसत होती, सगळे हसतायत म्हणून.

नंतर मी तिला बसवर सोडायला गेले. वाटेत ती हातातली फरसाणाची पुडी सांभाळत होती. स्टँडवर बाकावर बसल्यावर तिनं माझ्या साडीची निरी सरळ केली आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘बरोबर सांगितलं न्हवं मी? फुली नाही न्हवं पडली?’

मी म्हटलं, नाही पडली. अळणावरची बस यायला अजून वीस मिनिटं होती आणि ती सगळी वीस मिनिटं ती माझा हात धरून बसली.